कोवळं शास्त्र आणि आपले जुने प्रश्न

(आरोग्य-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढे ‘विज्ञान आणि स्त्रिया’ असा विषय छापला आहे. एवढ्या मोठ्या विषयाला आठ दिवसही पुरायचे नाहीत. म्हणून मी त्यातला एकच धागा हातात घेते. ज्या प्रश्नांची उत्तरं विज्ञानाकडे अजून नाहीत, त्यांचं आपण काय करायचं?

हा धागा तुमच्याच कामातून आलेला आहे. तुम्ही वस्तीत, गावात बैठका घेता. तक्ते लावता. पाळीचं चक्र, बीज कसं सुटतं, गर्भ कसा राहतो, सगळं तोंडपाठ झालेलं असतं. आणि मग मागे भिंतीला टेकून बसलेली एखादी बाई विचारते, “ताई, आमच्या जावेला अंगावर सूज येऊन झटके आले. मला तीन बाळंतपणांत काही झालं नाही. तिलाच का?” दुसरी विचारते, “दिवस भरले की कळा सुरू करायच्या, हे आत कोण ठरवतं? बाळ का आई?” तिसरीचा गर्भ तीन वेळा पडलेला असतो, सगळ्या तपासण्या चांगल्या आलेल्या असतात. ती तर एवढंच विचारते, “मग का?”

आणि तुम्ही परत येऊन मला म्हणता, “ताई, उत्तर देता आलं नाही. लाज वाटली.”

या तिन्ही प्रश्नांची पुरी उत्तरं मुंबईतल्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांकडेही नाहीत. लंडन-अमेरिकेतही नाहीत. ज्यांचा गर्भ पुन्हा पुन्हा पडतो त्यांच्यापैकी निम्म्याच्या आसपास बायकांत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. फरक इतकाच, की डॉक्टर ते म्हणत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची! ते चिठ्ठीवर काहीतरी खरडतात आणि “पुढच्या महिन्यात या” म्हणतात. लाज वाटून घ्यायची तर ती तुम्ही का घ्यावी?

आधी शास्त्राचं वय बघू. माझी आजी १९१० च्या सुमाराची. ती जन्मली तेव्हा बाईच्या शरीरात बीज नेमकं कुठल्या दिवसांत सुटतं हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. युरोपातले एकोणिसाव्या शतकातले नामांकित डॉक्टर सांगत, की पाळीच्या आसपास गर्भ राहतो आणि मधले दिवस सुरक्षित. कुत्रीला माजाच्या वेळी रक्त जातं, त्यावरून केलेला हा अंदाज. त्यांचा सल्ला मनोभावे पाळणाऱ्या बायकांचं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा! जपानमधल्या क्यूसाकू ओगिनो या डॉक्टरने १९२४ मध्ये दाखवून दिलं, की पुढची पाळी येण्याच्या साधारण १२ ते १६ दिवस आधी बीज सुटतं. तेव्हा माझी आजी चौदा वर्षांची होती आणि तिचं लग्न होऊन गेलेलं होतं.

आणखी एक हिशेब सांगते. पुरुषाचा शुक्राणू भिंगाखाली १६७७ मध्ये दिसला. सस्तन प्राण्यातलं स्त्रीबीज कार्ल फॉन बेअर यांनी पाहिलं ते १८२७ मध्ये, तेही एका कुत्रीच्या शरीरात. मध्ये दीडशे वर्षं गेली. त्या काळात काही विद्वान छातीठोकपणे म्हणत होते, की शुक्राणूतच सबंध माणूस घडी करून बसलेला असतो, बाई म्हणजे नुसती जमीन. बीज बापाचं, शेत आईचं, हे आपल्याकडे तर कीर्तनातूनही ऐकलेलं आहे. म्हणजे पितृसत्तेला समुद्र ओलांडायला जहाज लागलं नाही.

तेव्हा विज्ञान मुळातच तरुण, तीन-चारशे वर्षांचं. शेतीचं ज्ञान दहा हजार वर्षांचं आहे. भरलेलं कणीस निवडून, बी राखेत घोळवून ठेवणारी बाई न्यूटनच्या किती तरी आधीची. आणि विज्ञान तरुण तर बायकांच्या शरीराचं विज्ञान पाळण्यातलं. अमेरिकेत १९७७ ते १९९३ या काळात मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सरकारी सूचनाच होती. पुरुषांवर तपासायचं आणि बायकांना द्यायचं. पाळी मध्येमध्ये येते, त्याने हिशेब बिघडतो, असंही एक कारण सांगत. ज्याची चौकशीच केली नाही त्याचं उत्तर येणार कुठून? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

उत्तर माहीत नसताना माणसं कशी वागतात, याचा दाखला आपल्या घरचाच आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. प्लेगचा जंतू तीन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसापर्यंत येतो कसा? हवेतून, धान्यातून, घाणीतून? कुणालाच माहीत नव्हतं. उंदरावरच्या पिसवांमुळे तो पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीला दाखवलं, आणि तेही सगळ्यांना पटायला पुढे काही वर्षं गेली.

या अंधारात सरकारने काय केलं? आपल्याला सगळं कळतं अशा थाटात सोजीर घराघरात घुसवले, सामान जाळलं, बायाबापड्यांना उघड्यावर तपासलं. लोक गाव सोडून पळाले आणि पळताना प्लेगही बरोबर नेला. त्याच पुण्यात सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी गावाबाहेर दवाखाना घातला. रोग्यांना आणायचं, पाणी पाजायचं, शुश्रूषा करायची. एका लहान मुलाला स्वतः उचलून आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांनाही ठाऊक नव्हतं प्लेग कसा येतो ते. पण अज्ञान दोघांचं सारखं असताना एकाने दंडुका उचलला आणि एकीने पोर उचललं.

त्याच वर्षी मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था परळला आहे. त्या संस्थेतलीच पुढची गोष्ट, आणि ती मला जरा सावकाश सांगायची आहे. कारण ती गिरणगावाची गोष्ट आहे, आणि आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकलेली आहे.

ल्यूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली. बायकांसाठी काढलेल्या लंडनच्या वैद्यकीय विद्यालयात ती शिकली होती. तिला बोलावलं होतं मार्गारेट बॅल्फर या दुसऱ्या डॉक्टर बाईंनी. प्रश्न असा होता: मुंबईतल्या गरीब बायका, गिरण्यांत राबणाऱ्या बायका, गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत. धाप लागे, अंग सुजे आणि त्यातल्या कित्येक मरत. ही नेहमीची रक्तपांढरी नव्हती. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नको तितक्या मोठ्या दिसत. लोह देऊन उपयोग होईना.

विल्सने आधी जंतूंचा शोध घेतला. काही हाती लागलं नाही. मग तिने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. ही बाई जेवते काय, हे तिने विचारलं. कोण काय खातं, किती खातं, घरात कुणाच्या ताटात काय पडतं, याची टिपणं केली. ज्यांच्या जेवणात डाळ, दूध, भाजीपाला, फळं नावालाच, त्यांच्यात हा आजार जास्त दिसला. मग तसंच निकृष्ट अन्न तिने उंदरांना घातलं. उंदरांचं रक्त कमी झालं, आणि यीस्टचा, म्हणजे पाव फुगवायला वापरतात त्या किण्वाचा, अर्क दिल्यावर सुधारलं. वाटलं, जमलं! पण नंतर लक्षात आलं, की उंदरांच्या अंगावरच्या उवांमुळे त्यांना वेगळाच जंतुसंसर्ग झालेला होता आणि त्याने सगळा हिशेब गढूळ केला होता. पुन्हा पहिल्यापासून. मग माकडांवर प्रयोग केले, आणि मग बायकांना यीस्टचा अर्क दिला. इंग्लंडमध्ये ‘मार्माइट’ नावाने पावाला लावून खातात तोच, दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून केलेला, काळा, खारट, अगदी स्वस्त. बायका सुधारल्या. काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये तिने हे छापून प्रसिद्ध केलं.

त्या अर्कात नेमकं काय आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि हेच मला आज सांगायचं आहे. शुद्ध केलेला यकृताचा अर्क दुसऱ्या एका रक्ताच्या आजारात चालत होता, पण तो या बायकांवर चालत नव्हता. म्हणजे हा पदार्थ तो नव्हे, इतकं तिला कळलं. यापलीकडे कळत नाही, असं तिने स्वच्छ लिहिलं. लोक त्या अनोळखी पदार्थाला ‘विल्स घटक’ म्हणू लागले. नाव नसलेल्या वस्तूला निदान शोधणारीचं नाव मिळालं, हेही काही कमी नाही.

पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून तो पदार्थ वेगळा काढला. पानातून निघाला म्हणून त्याचं नाव फॉलिक आम्ल. १९४५ मध्ये तो प्रयोगशाळेत बनवता आला. ते काम ज्या संशोधन विभागात झालं त्याचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. आणि १९९१ मध्ये सात देशांतल्या बायकांच्या एका चाचणीत दिसलं, की गर्भाच्या पाठीचा कणा आणि मेंदू नीट न मिटण्याचा दोष आधीच्या मुलात असेल, तर गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक आम्ल घेतल्याने पुढच्या मुलात तो दोष ७२ टक्क्यांनी टळतो. १९३१ ते १९९१. साठ वर्षं. आशाताई वाटतात त्या लाल गोळीत लोहाच्या जोडीला जे आहे, ते मुंबईच्या गरोदर बायकांच्या रक्तातून सापडलेलं आहे. आणि फॉलिक आम्लाने तो कणा नेमका मिटतो कसा, हे आजही पुरतं उलगडलेलं नाही.

आता त्या दुसऱ्या बाईचा प्रश्न. कळा कोण सुरू करतं, बाळ का आई? गंमत बघा, हाच प्रश्न घेऊन न्यूझीलंडमधले ग्रॅहॅम लिगिन्स हे डॉक्टर मेंढ्यांच्या मागे लागले होते. मेंढीत त्यांना उत्तर मिळालं: कोकरू ठरवतं. कोकराच्या शरीरातलं एक संप्रेरक वाढतं आणि मेंढी विते. बाईमाणसात मात्र तसं सरळ निघालं नाही. तो प्रश्न आजही तसाच आहे. पण शोधता शोधता त्यांना दिसलं, की ते औषध दिलेली अपुऱ्या दिवसांची कोकरं, जी जगायला नकोत, ती श्वास घेताहेत. त्यावरून १९७२ मध्ये त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी दाखवून दिलं, की दिवस भरण्याआधी कळा आल्या तर आईला दिलेल्या इंजेक्शनने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. विचारलं एक, मिळालं दुसरंच.

यानंतरची गोष्ट कमी सुखाची आहे. ते उत्तर हातात असून अमेरिकेतल्या इस्पितळांत ते सर्रास वापरात यायला १९९४ साल उजाडलं. वीस-बावीस वर्षं बाळं जात राहिली. आणि पुढे हे इंजेक्शन गावपातळीवर दिलं तर काय होईल हे बघायला सहा देशांत मोठी चाचणी झाली. आपल्याकडे ती बेळगाव आणि नागपूर भागात झाली. २०१५ मध्ये निकाल छापून आला: एकूण बाळांत मृत्यू कमी होण्याऐवजी थोडे वाढले. एक कारण असं मानतात, की कित्येक बायकांचे दिवस मोजण्यातच घोळ होता. ज्यांना गरज नव्हती त्यांनाही इंजेक्शन गेलं. नंतर २०२० मध्ये आपल्यासह पाच देशांत, सोनोग्राफीने दिवस नक्की करून आणि इस्पितळात बाळाची काळजी घेऊन चाचणी झाली. तेव्हा मात्र मृत्यू कमी झाले. म्हणजे ऑकलंडचं उत्तर नागपूरला पुन्हा विचारून घ्यावं लागलं. शेवटच्या पाळीची तारीख वहीत नीट लिहा म्हणून मी तुमच्या मागे का लागते, ते आता कळलं असेल.

आणि ती झटक्यांची गोष्ट. गरोदरपणी रक्तदाब वाढणं, लघवीतून प्रथिनं जाणं, मग झटके. दोन हजार वर्षांहून जुन्या वैद्यांनी याची नोंद केली आहे. वारेच्या रक्तवाहिन्या गर्भाशयात नीट रुजत नाहीत, तिथे कुठेतरी गडबड सुरू होते, इथवर आता कळलं आहे. का रुजत नाहीत, एकीच्या रुजतात आणि तिच्या जावेच्या का नाहीत, ते नक्की सांगता येत नाही. बाळ आणि वार बाहेर येणं हाच पुरता इलाज. पण मूळ कारण कळलं नाही म्हणून शास्त्र हात बांधून बसलं नाही. मॅग्नेशियम सल्फेट, साधं स्वस्त मीठ, त्याची ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांवर चाचणी झाली आणि २००२ मध्ये दिसलं, की त्याने झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. ते कसं काम करतं तेही पुरतं ठाऊक नाही!

हे मी कौतुकाने सांगत नाही. ‘का’ चं उत्तर नसलं तरी ‘काय करायचं’ याचं उत्तर असू शकतं, हे तुमच्या कामात जीव वाचवणारं आहे. झटके आलेल्या गरोदर बाईला ‘बाहेरची बाधा’ म्हणून देवऋषीकडे नेल्याचं तुम्ही मला सांगितलेलं आहे. देवऋषीची सोय अशी, की त्याच्याकडे ‘का’ चं उत्तर तयार असतं. अमुकीची नजर लागली, तमुक देवाचं राहून गेलं. तो कधी ‘मला माहीत नाही’ म्हणत नाही. त्याच्याशी भांडताना आपणही खोटं-खोटं उत्तर फेकलं, तर लोक दोन उत्तरांतलं सोपं उचलतील. त्यापेक्षा म्हणा: तिलाच का झालं ते अजून कुणाला माहीत नाही. पण रक्तदाब मोजला असता तर आधी कळलं असतं, आणि आत्ता गाडी बोलावली तर ती वाचू शकते.

तयार उत्तर विकणारा देवऋषी पांढरा कोट घालूनही येतो, हे मात्र विसरू नका. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या आपल्याकडे गर्भ आहे की नाही ते बघण्यासाठी सर्रास देत. गर्भाला धोका असल्याचं बोललं जात होतं, तरी औषध कंपन्या कोर्टबाजी करत राहिल्या. आरोग्य-चळवळीने आणि स्त्री-संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा १९८८ मध्ये बंदी आली. पाळी गेलेल्या बायकांना ‘कायम तरुण राहा’ म्हणून संप्रेरकं विकली गेली, तीही नीट चाचणी होण्याच्या कितीतरी आधी. सोळा हजारांवर बायकांवर अमेरिकेत चाचणी झाली आणि २००२ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली, कारण स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात वाढलेले दिसले. पुढे आणखी बारकाईने पाहिल्यावर कळलं, की पाळी जाण्याच्या सुमारास, त्रास फार असेल तर, बऱ्याच बायकांना ती काही काळ घेता येतात. “शास्त्र सारखं मत बदलतं” असं म्हणून काही जणी वैतागतात. मला ते वैतागायचं कारण वाटत नाही. न बदलणारं मत देवऋषीकडे मिळतंच की.

आणि बीड. ऊसतोड करणाऱ्या बाईच्या अंगावर पांढरं जातं, कंबर दुखते, ओटीपोट दुखतं. का? फडात पाणी नाही, आडोसा नाही, डोक्यावर मोळी, बाळंतपणानंतर विश्रांती नाही, संसर्गावर औषध नाही. एवढी सगळी चौकशी कोण करणार? “कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका.” २०१९ मध्ये सरकारी सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यात पस्तिशीच्या, तिशीच्या आतल्याही होत्या. पाळी आली की खाडा, खाड्याला दंड, तेव्हा मुकादमालाही पिशवी नकोच. इथे प्रश्नाचं उत्तर शोधलं नाही, प्रश्न जिथे उठत होता तो अवयवच कापून टाकला. या बायकांची हाडं, हृदय, मन यांचं पुढच्या वीस-तीस वर्षांत काय होईल, हे शोधायला त्यांच्या दारी कोण जाणार आहे?

आता तुमच्यातल्या काही जणींच्या मनात आलेलं मला दिसतंय. “ताई, धीर धरा, धीर धरा, हे तर आम्ही जन्मभर ऐकतोय.” खरंय. बाईला धीर धरायला सांगणं ही या देशातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. म्हणून मी भेद करते. सोसणं वेगळं आणि प्रश्न जपणं वेगळं. ल्यूसी विल्सने उंदरांचा प्रयोग फसल्यावर पुन्हा सुरुवात केली, त्याला मी धीर म्हणते. ज्या बाईला धाप लागत होती तिला कुणी “बायकांना असं व्हायचंच” म्हटलं असेल, तर तो धीर नव्हे, ते तोंड दाबणं आहे.

शिवाय कित्येक प्रश्नांची उत्तरं केव्हाच मिळालेली आहेत आणि आपल्यापर्यंत पोचू दिलेली नाहीत. मुलगा का मुलगी हे बापाच्या बीजावरून ठरतं. नेटी स्टीव्हन्स नावाच्या बाईने पिठातल्या किड्यांचा अभ्यास करून लिंग ठरवणारं गुणसूत्र १९०५ मध्येच दाखवलं. सव्वाशे वर्षं होत आली. तरी मुलगी झाली म्हणून सुनेला घराबाहेर काढतात, आणि शास्त्रातलं नेमकं तेवढंच, सोनोग्राफीचं यंत्र, गावोगाव पोचतं. आपल्या राज्याने देशात पहिल्यांदा १९८८ मध्ये गर्भलिंग-तपासणीविरुद्ध कायदा केला तो चळवळीच्या रेट्याने, शास्त्रज्ञांना उपरती झाली म्हणून नव्हे. इथे धीर कसला धरायचा?

रक्तपांढरीचंच घ्या. विल्स मुंबईत आली त्याला शंभर वर्षं होत आली. १९७० पासून सरकार गोळ्या वाटतं आहे. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. आपल्या राज्यात ५४ टक्के. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा देशात ५३ आणि राज्यात ४८ होता. म्हणजे वाढला! बोटातून घेतलेल्या रक्ताने मोजणी बरोबर होते का, याबद्दल तज्ज्ञांत वाद आहे, तो असू दे. पण गोळी घेऊन मळमळतं म्हणून ती टाकून देतात का, मागाहून चहा घेतल्याने ती अंगी लागत नाही का, जंत आहेत का, पाळीत जास्त जातं का, की ताटात मुळात काही पडतच नाही? यातलं कुठलं कारण तुमच्या वस्तीत किती खरं, हे दिल्लीला बसून कळणारं नाही. ते तुम्हालाच विचारून काढता येईल.

असं होऊ शकतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं. बाळंतपणाबाहेरचं बाईचं आजारपण खेड्यात असतं किती, हा प्रश्नच तोवर कुणी धड विचारला नव्हता. निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जगभरच्या लोकसंख्यावाल्यांना, जे बाईकडे नुसती पोरं मोजायला बघत होते, त्यांना खाली मान घालावी लागली. त्या बायकांनी “अंगावरून जातं” हे सांगायचं धाडस केलं नसतं तर तो अभ्यास झालाच नसता. म्हणजे शास्त्र फक्त भिंगाच्या मागे बसलेली व्यक्ती करत नाही. सांगणारीही ते करते.

म्हणून माझं म्हणणं असं, की प्रत्येक गटाने प्रश्नांची एक वही ठेवावी. बैठकीत आलेला प्रश्न विचारणारीच्याच शब्दांत लिहायचा. नाव नको. समोर तीन रकाने. ज्याचं उत्तर आहे आणि आपण दिलं. ज्याचं उत्तर आहे पण आपल्याला शोधावं लागेल: तिथे कुणाला विचारायचं आणि कधीपर्यंत सांगायचं ते लिहायचं, आणि पुढच्या बैठकीत नक्की सांगायचं, नाहीतर आपणही तोंडाला पानं पुसणाऱ्यांतल्याच. आणि तिसरा रकाना, अजून कुणालाच ठाऊक नाही. तो भरायला घाई करायची नाही आणि लाजायचंही नाही. मात्र त्या रकान्यात टाकण्याआधी दोन ठिकाणी विचारून खात्री करायची. नाहीतर आपला आळस शास्त्राच्या नावावर खपायचा.

काही गटांनी हे सुरूही केलं आहे. त्यांच्या वह्या मी चाळल्या. “पाळी जायच्या वेळी एकीला आगीआगी होतं, एकीला काहीच नाही, असं का?” “जुळं माझ्या चुलतीला झालं, मला होईल का?” “तंबाखूची मिश्री लावल्याने पोटातल्या पोराला काय होतं?” या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे बरं का. मूल कमी वजनाचं होऊ शकतं, आणि ते आजच सगळ्यांनी लिहून घ्या. “सासूला विसर पडत चाललाय, तिच्या आईलाही पडला होता. मला पडेल का?” यावर डॉक्टर काय म्हणाले ते समोर लिहिलेलं आहे. आणि एका वहीत शेवटच्या पानावर आहे: “बाळंत झाल्यावर महिनाभर रडू का येतं? सगळे म्हणतात पोरगा झालाय, हसायचं सोडून रडते काय.”

जेवणानंतर या वह्या घेऊन पाच-पाच जणींच्या गटात बसू या. सुरुवात त्या शेवटच्या पानापासून करू.